एचबीसीयूत जाणं म्हणजे मागे जाणं?

रानवारा: ‘अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक कॉलेजांत (एचबीसीयूत) सहा वर्षांतही निम्मी मुलं पदवी घेत नाहीत, हुशार मुलाने फ्लॅगशिप, म्हणजे राज्याचं मुख्य सरकारी विद्यापीठ, सोडून तिथे जाणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं,’ असं कालच्या लेखात ठोकून दिलंय. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

पदवीचा तो टक्का काढतात कसा? पहिल्यांदाच कॉलेजात आलेली, पूर्णवेळ शिकणारी मुलं तेवढी धरतात. पोरगं दोन वर्षांनी दुसरीकडे जाऊन पदवीधर झालं, तरी पहिल्या कॉलेजच्या खात्यात ते गळालेलंच. फीचे पैसे संपले, एक वर्ष काम केलं, सातव्या वर्षी पदवी घेतली, तरी तेच. एचबीसीयूतली बहुसंख्य मुलं पेल अनुदानावर, म्हणजे गरजू मुलांना केंद्राकडून मिळणाऱ्या मदतीवर शिकतात, म्हणजे घरची परिस्थिती बेताची. त्यांची सधन मुलांशी तुलना करून काय कळणार? कॉलेज नॅव्हिगेटर या अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावर दोन्हीकडच्या पेलधारकांचा वेगळा टक्का असतो, तो काढा. आणि न्यू ऑर्लिन्सचं झेवियर हे एचबीसीयू बघा. एवढंसं कॉलेज, पण कृष्णवर्णीय पदवीधर डॉक्टरकीला पाठवण्यात वर्षानुवर्षं देशात आघाडीवर.

भरड: झेवियर, स्पेलमन, हॉवर्ड ही तीन नामांकित एचबीसीयूंची नावं पुढे करून शंभरेक कॉलेजांची वकिली होत नाही. पेलधारकांचा टक्का काढला तरी स्पेलमन आणि एखादं ग्रामीण सरकारी कॉलेज यांत जमीन-अस्मानाचं अंतर राहतं.

त्याच नॅव्हिगेटरवर नेट प्राइसही, म्हणजे अनुदान वजा जाता उरणारा खर्चही बघा, 30,000 डॉलरपर्यंतच्या उत्पन्नगटाची. मोठी गंगाजळी असलेलं खासगी विद्यापीठ गरीब घराला पुष्कळदा एचबीसीयूपेक्षा स्वस्त पडतं. एचबीसीयूत उरलेली रक्कम पालक पॅरेंट प्लस या पालकांच्या नावावरच्या केंद्रीय कर्जाने भरतात. 2011 मध्ये त्या कर्जाचे पतनिकष कडक झाले आणि हजारो घरांना नकार आला. मुलं सत्राच्या मध्यात घरी परतली. अशा पायावर पोराचं शिक्षण का उभं करायचं?

कृषिवल: गंगाजळी का नाही, ते कुणीच बोलत नाही. अवांतर वाटलं तरी वाचा.

1890 च्या मॉरिल कायद्याने दक्षिणेतल्या राज्यांना सांगितलं, एकतर प्रवेशात वर्णभेद करू नका, नाहीतर वेगळं कॉलेज काढून पैसा न्याय्य वाटा. राज्यांनी कॉलेजं काढली, वाटणी राहिली. आजही शेती संशोधन आणि विस्ताराच्या केंद्रीय पैशाला राज्याने डॉलरला डॉलर जोडायचा असतो. 1862 च्या पहिल्या मॉरिल कायद्याखालच्या गोऱ्या विद्यापीठाला तो पूर्ण मिळतो. 1890 च्या कॉलेजला मात्र निम्म्यापर्यंतची अट माफ करून घेता येते. सवलत कॉलेजला म्हणे, पण पळवाट राज्याला! 2010 ते 2012 या काळात 18 पैकी 11 कॉलेजांना पूर्ण जोड मिळाली नाही. 2023 मध्ये केंद्राने 16 राज्यपालांना लिहिलं की 1987 ते 2020 या काळात 12 अब्ज डॉलरहून जास्त कमी दिलेत. टेनेसी स्टेट या एकट्या 1890 च्या कॉलेजचे 2.1 अब्ज.

भरड: तो 2.1 अब्जाचा आकडा दरडोई तुलनेतून आलाय. नॉक्सविलच्या टेनेसी विद्यापीठासारख्या, 1862 च्या प्रचंड संशोधन विद्यापीठाशी तुलना केली की फरक फुगणारच. टेनेसीच्या विधिमंडळ समितीने 2021 मध्ये फक्त न दिलेली जोड मोजली, ती 15 ते 54.4 कोटी डॉलर भरली. शिवाय 2022 मध्ये याच टेनेसी स्टेटने वसतिगृहात जागा नसताना विक्रमी प्रवेश दिले, मुलांना हॉटेलांत ठेवलं. हाही दोष राज्याचा का?

कृषिवल: प्रवेशाची चूक झाली, ती कॉलेजचीच. पण नॉक्सविल मोठं आणि टेनेसी स्टेट लहान हे आपोआप झालं का? त्याच राज्याने नॅशव्हिलमध्ये, टेनेसी स्टेटच्या दारात, गोऱ्या विद्यापीठाची शाखा वाढवली. न्यायालयाला आदेश द्यावा लागला, तेव्हा 1979 मध्ये ती टेनेसी स्टेटमध्ये विलीन झाली. 2022 ला राज्याने टेनेसी स्टेटला 25 कोटी डॉलर दिले, तेही इमारती आणि सुविधांसाठी. 2024 ला तिथलं अख्खं विश्वस्त मंडळ बरखास्त केलं. आधी उपाशी ठेवायचं, मग अशक्त म्हणून हिणवायचं, हे मी खपवून घेणार नाही.

निळी शाई: कालच्या त्याच लेखात बाबासाहेबांच्या कोलंबियाचा दाखला एचबीसीयूंविरुद्ध वापरलाय, त्याला माझा सक्त विरोध. बाबासाहेबांनी 1946 मध्ये ज्या ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहिलं, ते आधी फिस्क या एचबीसीयूचे पदवीधर, मग हार्वर्डचे. आणि त्याच 1946 मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. ते सर्वांना खुलं होतं. एचबीसीयूही सर्वांना खुली आहेत, हे तरी माहीत करून घ्या.

भरड: जोडनिधीचं मान्य, राज्यांनी पैसे बुडवले. पण आज ज्याला प्रवेश घ्यायचाय त्याला 1890 चा हिशेब फी भरायला उपयोगी नाही. दोन्हीकडची अनुदानपत्रं शेजारी ठेवा, कर्ज वगळून फक्त अनुदानाची बेरीज करा, तिला चारने गुणा. पॅरेंट प्लसवर अजून एकानेही उत्तर दिलेलं नाही.