मदत हवी आहे : कुंडीतल्या टोमॅटोची फळे काळी पडत आहेत, काय फवारावे?

हिरवीगच्ची
नमस्कार. गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये मी टोमॅटो लावले आहेत आणि गेल्या दहा दिवसांपासून त्यांची फळे काळी पडत आहेत. रोपे माझ्या कमरेच्याही वर गेली आहेत, पाने गडद हिरवी आहेत, फुलांचे घोस भरपूर आहेत. बी रुजवण्यापासून सगळे मी स्वतः केलेले असल्यामुळे पहिल्याच घोसातली फळे लिंबाएवढी होताच खराब झालेली पाहवत नाही. आतापर्यंत अकरा फळे काढून टाकावी लागली. बुरशीनाशक दोनदा फवारले, पण काहीही फरक पडला नाही. नेमके कोणते औषध किती प्रमाणात फवारावे, एवढेच कृपया सांगावे. खत, ऊन आणि पाणी व्यवस्थित आहे, त्याबद्दल शंका नाही.

ओलीमाती
फळ नेमके कुठे काळे पडते आहे? देठाजवळ, अंगावर ठिपक्यांच्या रूपात, की खालच्या टोकाला? हे कळल्याशिवाय औषध सुचवणे योग्य होणार नाही. कुंडी किती मोठी आहे, आत काय भरले आहे आणि पाणी किती दिवसांनी देता, हेही लिहावे.

रानवाट
हा करपाच आहे. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी ढगाळ हवेत असाच प्रकार झाला होता आणि चार दिवसांत सगळी रोपे गेली. बाधित पाने तोडून टाका, आणि रोपांवर नव्हे, बुंध्याशी पाणी घाला.

ओलीमाती
करपा असता तर पानांवर आणि खोडावर आधी ओलसर, तपकिरी डाग दिसले असते. इथे पाने गडद हिरवी असल्याचे स्वतः धागाकर्तीनेच लिहिले आहे. फळावरचा करप्याचा डागही बहुधा वरच्या अंगाला, खांद्याकडे सुरू होतो.

शेवंती७
फळावर बारीक छिद्र आहे का, ते पाहावे. फळ पोखरणारी अळी आत शिरली की त्या जागी सड लागते. मी दर आठवड्याला संध्याकाळी निंबोळी अर्क फवारते आणि माझ्या बागेत गेली तीन वर्षे अळी दिसलेली नाही. माझी वांगी आणि मिरच्या पाहून लोक थांबतात, हे मी अभिमानाने सांगते.

हिरवीगच्ची
छिद्र नाही, अळी नाही, पानांवर डागही नाहीत. मी वर लिहिलेच आहे की रोपे निरोगी आहेत. फळाच्या खालच्या बाजूला, जिथे फूल गळून पडते तिथे, आधी पाणचट डाग येतो, मग तो तपकिरी आणि शेवटी काळा, चपटा व चामड्यासारखा कोरडा होतो. वरचा अर्धा भाग अगदी चांगला असतो. कृपया आता तरी औषधाचे नाव सांगावे, कारण दुसऱ्या घोसातली फळेही आता मोठी होऊ लागली आहेत.

ओलीमाती
आता चित्र स्पष्ट झाले. हा रोग नाही, त्यामुळे बुरशीनाशकाचा उपयोग होण्याचा प्रश्नच नव्हता. फळाचे फुलाकडचे टोक सडण्याची ही विकृती आहे आणि तिचे कारण त्या टोकाला वाढीच्या वेळी कॅल्शियम कमी पडणे हे आहे. दोनदा फवारणी झाली आहे, म्हणून औषधाच्या वेष्टनावर फवारणी आणि तोडणी यांमध्ये जितके दिवस जाऊ द्यायला सांगितले असतील, तितके गेल्याशिवाय त्या रोपांची फळे खाऊ नयेत.

अंगणवेल
कॅल्शियमच कमी असेल तर उपाय सोपा आहे. अंड्यांची टरफले धुऊन, वाळवून, बारीक पूड करून प्रत्येक कुंडीत दोन मुठी घालावीत. मी अनेक वर्षे हेच करत आलो आहे आणि माझ्या टोमॅटोला असा डाग कधीही आलेला नाही.

पानफुटी
टरफलांपेक्षा एप्सम सॉल्ट लवकर काम करते. एक लिटर पाण्यात एक चमचा विरघळवून पानांवर फवारावे. माझ्या गुलाबांना त्याने जी चकाकी आली, ती पाहण्यासारखी होती.

ओलीमाती
पानफुटी, एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्यात कॅल्शियम मुळीच नसते आणि मुळांपाशी मॅग्नेशियम जास्त झाले तर ते कॅल्शियमच्या शोषणाशी स्पर्धा करते, म्हणजे या तक्रारीत ते उलट अपाय करू शकते. गुलाबाला मॅग्नेशियम कमी पडत असेल तर गोष्ट वेगळी.
अंगणवेल यांची टरफले चुकीची नाहीत, पण ती कॅल्शियम कार्बोनेटची असतात, फार सावकाश विरघळतात आणि त्यासाठी माती थोडी आम्लधर्मी असावी लागते. आज घातलेल्या पुडीचा या घोसाला उपयोग होणार नाही.

अंगणवेल
मी पूड रोप लावण्याच्या महिनाभर आधी मातीत मिसळतो, हे सांगायचे राहिले होते. ज्यांना घाई आहे त्यांनी टरफले व्हिनेगरमध्ये टाकावीत. फेस येतो, वायू निघून जातो आणि कॅल्शियम द्रवात उतरते. ते भरपूर पाण्यात मिसळून मुळाशी घालावे. अनुभवाने सिद्ध झालेली गोष्ट केवळ पुस्तकी कारणाने बाजूला सारू नये, अशी माझी विनंती आहे.

ओलीमाती
आपल्या अनुभवाचा अनादर करण्याचा हेतू नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम पुरेसे असते, फक्त ते फळापर्यंत पोहोचत नाही. कॅल्शियम मुळांतून पाण्याबरोबर वर चढते आणि ज्या भागातून पाणी जास्त उडून जाते तिकडे, म्हणजे पानांकडे, ओढले जाते. फळातून पाणी फार कमी उडते, त्यामुळे त्याच्या वाट्याला मुळात थोडेच येते. पानात गेलेले कॅल्शियम पुन्हा फळाकडे वळत नाही, म्हणूनच पानांवर कॅल्शियम फवारल्यानेही फळाला फारसा लाभ होत नाही. या स्थितीत कुंडी एकदा कोरडी पडली की पहिला फटका देठापासून सर्वांत दूर असलेल्या टोकाला बसतो, आणि डाग मात्र आपल्याला नंतर काही दिवसांनी दिसतो. म्हणून कुंडीचे माप आणि पाण्याचे अंतर मी पुन्हा विचारतो आहे.

रसाळ
धागा टोमॅटोचा आहे म्हणून सांगतो, पान आणि खोड यांच्या बेचक्यातून येणारे फुटवे दर आठवड्याला खुडावेत. ज्या जाती सतत उंच वाढतात त्यांनाच हे लागू आहे. झुडूपवजा जातींचे फुटवे खुडले तर फळेच कमी होतात. माझ्या चेरी टोमॅटोची वेल एकाच दोरीवर चढवली आहे आणि सध्या तिच्यावर सात घोस लटकत आहेत. रोज सकाळी आधी तिच्यापाशी जाऊन उभे राहिल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही.

हिरवीगच्ची
रसाळ, तुमच्या वेलीबद्दल वाचून आनंद झाला, पण मी फुटव्यांबद्दल विचारले नव्हते.
ओलीमाती, माहिती देते. कुंड्या दहा इंची आहेत आणि प्रत्येकीत दोन रोपे आहेत, कारण रोपे लहान असताना ती एवढी मोठी होतील असे वाटले नव्हते. आत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडे गांडूळखत आहे, माती नाही. जात लांबट फळांची आहे. पाणी एक दिवसाआड देते, पण भरपूर, खालून वाहून जाईपर्यंत. दुपारी रोपे माना टाकतात, संध्याकाळी पाणी दिले की पुन्हा उभी राहतात, त्यामुळे ते पुरेसे आहे असे मी धरले होते. फळे धरू लागल्यापासून दर आठवड्याला चमचाभर युरिया घालते.

ओलीमाती
ताई, उत्तर याच ओळींमध्ये आहे. दहा इंची कुंडीत साधारण १० लिटरच माध्यम, म्हणजे आत भरायचे मिश्रण, मावते आणि एका टोमॅटोला किमान १५ ते २० लिटर लागते. तुमच्याकडे तेवढ्यात दोन आहेत. त्यामुळे भर उन्हात कुंडी रोज कोरडी होते आणि माना टाकणे हीच त्याची खूण आहे. कोकोपीट पूर्ण सुकले की कडेपासून आक्रसते आणि नंतर ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते, म्हणजे खालून वाहणारे पाणी मुळांना मिळालेच असे नाही. शिवाय कोकोपीटमध्ये मातीसारखे कॅल्शियम नसते, उलट ते कॅल्शियम स्वतःकडे धरून ठेवते. युरियाने पाने झपाट्याने वाढतात, जास्त पाने जास्त पाणी ओढतात, आणि त्यातून तयार होणारे अमोनियम कॅल्शियमच्या शोषणात अडथळा आणते. लांबट जातींना ही तक्रार अधिक होते, चेरी टोमॅटोला क्वचितच.
युरिया आजच बंद करा. पाणी रोज सकाळी द्या, कडक उन्हात संध्याकाळीही, आणि एकदम न ओतता थांबून थांबून द्या. वर दोन इंच वाळक्या पाल्याचे आच्छादन घाला. माध्यमात माती नसल्यामुळे कॅल्शियम नायट्रेट एक लिटर पाण्यात एक ग्रॅम या प्रमाणात आठवड्यातून एकदा मुळाशी द्यायला हरकत नाही, पण त्यातही नत्र असते, म्हणून प्रमाण वाढवू नका आणि त्या द्रावणात एप्सम सॉल्ट मिसळू नका; दोन्ही एकत्र आले की जिप्समचा साका बसतो.

रानवाट
करप्याबद्दलचा माझा अंदाज चुकला, हे मान्य करतो. मात्र पाण्याने सगळे सुधारेल असे वाटत नाही. मोठ्या कुंडीत हलवणे हाच खरा उपाय आहे.

शेवंती७
फळांवर आलेले रोप हलवू नये. मुळे दुखावली की पाणी ओढण्याची ताकद आणखी कमी होते आणि हीच तक्रार वाढते. त्यापेक्षा प्रत्येक कुंडीतले एक रोप काढावे. उपटू नये, बुंध्याशी कापावे, म्हणजे शेजारच्या रोपाची मुळे हलत नाहीत.

हिरवीगच्ची
चार कुंड्या आहेत, म्हणजे चार रोपे कापायची. बियांपासून वाढवलेले, फुलांनी भरलेले रोप कापण्यासाठी हात उचलत नाही. दुसरा काही मार्ग नाही का?

शेवंती७
मला हे समजते. मीही अशी रोपे कापली आहेत आणि त्या दिवशी बागेत पुन्हा गेले नाही. पण ती वाया जात नाहीत. कापलेल्या रोपाचे वीतभर लांबीचे शेंडे घ्या, फुले आणि खालची पाने काढा आणि पाण्यात उभे ठेवा. टोमॅटोच्या खोडाला आठवडा-दहा दिवसांत मुळे फुटतात. तेच रोप तुम्हाला परत मिळते.

अंगणवेल
आणि त्यांच्यासाठी नव्या कुंड्या भरताना टरफलांची पूड आत्ताच मिसळावी, म्हणजे ती वेळेवर उपयोगी पडेल.

ओलीमाती
या सूचनेशी मी पूर्ण सहमत आहे. सोबत निम्मी तरी माती घ्यावी.

हिरवीगच्ची
तीन आठवडे झाले, म्हणून लिहिते आहे. तीन कुंड्यांमधले एकेक रोप कापले, चौथीतले मात्र माझ्याने कापवले नाही. पाणी रोज दोन वेळा देते, आच्छादन घातले, युरिया बंद केला, कॅल्शियम नायट्रेट तीनदा दिले. दुसऱ्या घोसातली सुरुवातीची चार फळे डागाळलीच, पण त्यानंतर धरलेली फळे त्या तीन कुंड्यांमध्ये स्वच्छ आहेत. आज मोजली तर एकोणीस भरली आणि दोन रंगावर आली आहेत. ज्या कुंडीत दोन्ही रोपे ठेवली, तिच्यात अजूनही मधूनमधून डाग येतो आहे. तेही रोप या आठवड्यात कापणार आहे.
पाण्यात ठेवलेल्या नऊ शेंड्यांपैकी सात शेंड्यांना पांढरी मुळे फुटली आहेत. त्यांच्यासाठी वीस लिटरच्या सात कुंड्या माती, गांडूळखत, थोडे कोकोपीट आणि टरफलांची पूड घालून भरल्या आहेत. प्रत्येकीत एकच रोप लावणार आहे. ते किती खोल लावावे?

शेवंती७
वरची तीन-चार पाने बाहेर राहतील इतके खोल लावावे. जमिनीखाली गेलेल्या खोडालाही मुळे फुटतात. पहिले चार दिवस सावलीत ठेवा.