जिप्सीच्या पुढच्या ॲक्सलचा सांधा घरी बदलावा का?

भोरकर: २००६ची जिप्सी किंग, हब (पुढचं चाक ॲक्सलला जोडणारं-सोडणारं कुलूप) हाताने फिरवायचे. फोर बाय फोर टाकून बांधावरून पूर्ण स्टिअरिंग कापलं की पुढून कट-कट-कट आवाज येतो. सरळ चालताना काहीच नाही. गॅरेजवाला म्हणतो, अख्खा ॲक्सल बदला. तेवढे पैसे नाहीत आणि पाऊस तोंडावर आलाय. घरी जॅक, वाइस, पाने आहेत.

घाटवाट: टू-व्हीलमध्ये दोन्ही हब फ्री करून तसंच वळवून बघ. आवाज गेला तर सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवणारा ॲक्सलचा सांधा. अख्खा ॲक्सल कशाला?

भोरकर: गेला आवाज! पण उजव्या चाकाच्या आतून काळं, पातळ काहीतरी गळतंय.

जुना मेकॅनिक: मग भावा, जॉइंटआधी सीलचं बघ. ॲक्सलच्या नळीच्या टोकाचं सील गेलं की डिफरन्शियलचं (ॲक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याचं) तेल नकलमध्ये, म्हणजे चाकामागच्या वळणाऱ्या घरात उतरतं, ग्रीस पातळ होतं आणि जॉइंट कोरडा मरतो. नुसता जॉइंट बदललास तर पुन्हा तेच.

आधी मागच्या चाकांना उटी (गाडी सरकू नये म्हणून अडण) लाव, पुढे जॅकस्टँड. विटांवर गाडी ठेवून खाली जाऊ नकोस, हात जोडून सांगतो. डिफरन्शियलचं तेल काढ, नाहीतर शाफ्ट ओढताच अंगावर येईल. ब्रेकचा कॅलिपर तारेने बांधून ठेव, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नकोस. हब, मग स्पिंडल (हब ज्यावर बसतो ती पोकळ दांडी) काढलं की शाफ्ट जॉइंटसकट बाहेर येतो. किंगपिन (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं ती खुंटी) उघडायची गरज नाही.

जॉइंट रॉकेलने धू आणि उन्हात नेऊन बघ. सहा गोळ्या असतात. गोळी जिथे फिरते त्या खाचेवरून नख फिरव. नख अडकलं, खड्डा लागला तर जॉइंट गेला. गोळ्या धरणाऱ्या पिंजऱ्याच्या खिडक्यांच्या कोपऱ्यातली बारीक चीर माझ्या नजरेतून एकदा सुटली होती. महिन्याभरात माळशेज घाटात तोच जॉइंट फुटला, म्हणून सांगतोय.

ग्रीस मॉलीचंच (मॉलिब्डेनमवालं), बोटाने गोळ्यांच्या मागेपर्यंत दाब. शाफ्ट आत घालताना वर उचलून धर, घासला तर नव्या सीलचा ओठ फाटतो. दोन्ही बाजूंचे शाफ्ट लांबीला वेगळे असतात, नवा मागवताना बाजू सांग.

घाटवाट: खोलण्याआधी चाक वर-खाली धरून हलव. खेळ असेल तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांग. ब्रेक दाबून खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर किंगपिन. किंगपिन उघडलंच तर वरचे-खालचे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) वेगळे ठेव, अदलाबदल होऊ देऊ नकोस.

भोरकर: आज उघडलं. उजव्या जॉइंटच्या दोन खाचांत नख अडकतंय, आणि सील बोटाने दाबलं तर बिस्किटासारखं तुटलं. खेळ नाही. उद्या सकाळच्या एसटीने पुण्याला नाना पेठेत जातो. दादा, डाव्या बाजूचं सीलही आणू ना?

जुना मेकॅनिक: आण. तेही तेवढंच जुनं आहे.