फोर्टमधील कार्यालयासाठी इंटरनेट राउटर कोणता घ्यावा?

फोर्टकर (प्रश्न)
आमचे कस्टम्स क्लिअरिंगचे कार्यालय फोर्टमधील एका जुन्या इमारतीत असून तेथे ४० जण काम करतात, आणि भिवंडीचे गोदाम व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या सुरक्षित खासगी जोडणीने) कार्यालयाशी जोडलेले आहे. एक फायबर लाइन ३०० एमबीपीएसची आहे, दुसरी १०० एमबीपीएसची. पुरवठादाराने दिलेला राउटर बिल ऑफ एंट्री (आयात मालाचे कस्टम्सकडे द्यायचे विवरणपत्र) भरण्याच्या ऐन वेळी आठवड्यातून दोनदा तरी अडकतो आणि मग शिपाई स्टुलावर चढून त्याचा प्लग काढून पुन्हा लावतो. विक्रेत्याने वार्षिक परवान्याचा फायरवॉल (नको ती ये-जा अडवणारे यंत्र), मायक्रोटिक कंपनीचा राउटर आणि छोट्या संगणकावर ओपीएनसेन्स हे मोफत फायरवॉल सॉफ्टवेअर असे तीन पर्याय सुचवले आहेत. यांपैकी भरवशाचा कोणता?

मरोळचा नेटवर्कवाला
प्लग काढून लावल्यावर राउटर सुरळीत चालत असेल, तर तो एक तर तापत असावा किंवा त्याचे नॅटचे कोष्टक, म्हणजे एकाच पत्त्यावरून बाहेर जाणाऱ्या सगळ्या जोडण्यांची नोंदवही, भरत असावे. एकेका संगणकाच्या शंभराहून अधिक जोडण्या एकाच वेळी उघड्या असू शकतात. चाळीस जणांचा तो भार घरगुती राउटरच्या तुटपुंज्या मेमरीला पेलत नाही. म्हणून नवा राउटर पाहताना एकाच वेळी किती सेशन (उघड्या जोडण्या) सांभाळतो हे आधी विचारावे. माहितीपत्रकात ठळक छापलेला वेग बहुधा मोठ्या पॅकेटवर (डेटाच्या तुकड्यांवर) आणि तपासणी बंद ठेवून मोजलेला असतो. तुम्हाला आयपीसेक (व्हीपीएनचे कूटलेखन) आणि घुसखोरी-तपासणी चालू असतानाचा आकडा पाहायचा आहे, आणि तो पुष्कळदा त्याच्या काही अंशच भरतो. तिन्ही पर्याय तुमच्या दोन लाइनींना पुरतील, मात्र फायरवॉलचा परवाना संपल्यावर कोणत्या सोयी बंद पडतात हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

लोअर परळ
माझा अनुभव दुसऱ्या लाइनीबाबतचा आहे. आमच्याकडे दोन लाइनींचा राउटर असूनही एका पावसाळ्यात रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटल्यावर सारे कार्यालय दोन तास बंद राहिले. ओएनटीवर (फायबर जिथे येऊन संपते त्या पुरवठादाराच्या डबीवर) एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लागला होता, परंतु ओएनटीला वीज असल्यामुळे त्याचे राउटरकडचे पोर्ट चालूच दिसत होते, आणि आमचा राउटर केवळ तेवढेच पाहत होता. तेव्हापासून आम्ही प्रत्येक लाइनीवरून बाहेरच्या दोन निरनिराळ्या पत्त्यांना पिंग करतो (उत्तर येते का ते पाहणारा छोटा संदेश पाठवतो) आणि दोन्हींकडून उत्तर आले नाही तरच लाइन बदलतो. ही सोय नसलेला राउटर कितीही महाग असला तरी मी घेणार नाही. तुमच्या दोन्ही केबल इमारतीत एकाच पाइपातून येतात का, तेही पाहा. जुन्या इमारतींत बहुधा तसेच असते.

कांजूरमार्ग
मायक्रोटिक मी स्वतः वापरतो, तरी त्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०१८ साली त्याच्या विनबॉक्स या, राउटर दुरून चालवण्याच्या सेवेतील त्रुटीवर दुरुस्ती उपलब्ध झाल्यानंतरही हजारो राउटर तसेच राहिले आणि पुढे हल्लेखोरांच्या हाती लागले. दोष आढळला म्हणून कंपनी वाईट ठरत नाही. दुरुस्ती किती लवकर येते, किती वर्षे येत राहते आणि तुमच्याकडे ती बसवतो कोण, हे प्रश्न महत्त्वाचे. व्यवस्थापनाचे पान इंटरनेटच्या बाजूने मुळीच उघडे ठेवू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग (यंत्राच्या कामकाजाच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळवाव्या लागतात. राउटरच्या स्वतःच्या मेमरीत एवढे लॉग बहुधा मावत नाहीत, तेव्हा ते सिसलॉगने (लॉग पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीने) दुसऱ्या यंत्रावर पाठवावेत. ओपीएनसेन्स मला आवडते, पण ते सांभाळणारा माणूस कार्यालयात नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

फोर्टकर
आज तपासले. दोन्ही केबल जिन्याखालच्या एकाच पाइपातून येतात आणि राउटर फाइलींच्या कपाटावर, छताला टेकून आहे. १०० च्या लाइनीवर राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ने सुरू होतो. त्याने काही बिघडते का?

मरोळचा नेटवर्कवाला
बिघडते. तो पुरवठादाराच्या सामायिक नॅटमागचा, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटून देण्याच्या सोयीमागचा, पत्ता आहे. त्या लाइनीवरून तुम्ही बाहेर जाऊ शकता, पण बाहेरून तुमच्यापर्यंत कोणी पोहोचू शकत नाही. पहिली लाइन पडली की इंटरनेट चालेल, मात्र भिवंडीला तुमचा राउटर सापडणार नाही. दुसऱ्या लाइनीसाठी स्थिर सार्वजनिक पत्ता मागा. तो मिळत नसल्यास भिवंडीकडे स्थिर पत्ता घेऊन व्हीपीएनचा बोगदा (जोडणी) फोर्टकडून सुरू होईल अशी मांडणी करा. वार्षिक देखभाल करारावर तुमच्याकडे येणारा माणूस मायक्रोटिक जाणत असेल तर मायक्रोटिकच घ्या, नाहीतर परवान्याचा फायरवॉल. आणि तापू नये म्हणून राउटर कपाटावर ठेवू नका.