मृत्युपत्रातून वाचनालयाला पैसे: गोव्यात नेमके किती देता येतात?

फोंड्याची_बाई

नमस्कार मंडळी. मराठी प्राथमिक शाळेत ३१ वर्षं शिकवलं, आता निवृत्त. फोंडा तालुक्यात घर, मागे छोटंसं कुळागर (सुपारी-नारळाची बाग), आणि बँकेत माझ्या एकटीच्या नावावर ३० लाखांच्या ठेवी. आमचे हेही सरकारी नोकरीतून निवृत्त. मुलगी पुण्यात, मुलगा कॅनडात, दोघांचंही बरं चाललंय.

गावात जुनं वाचनालय आहे. माझे वडील रोज संध्याकाळी तिथे पेपर वाचायला जात आणि मी त्यांचं बोट धरून. गेल्या पावसाळ्यात मी तिथे गेले, तर मागच्या कपाटाला वाळवी. एक पुस्तक ओढलं तर पुठ्ठा हातात आला आणि आतून नुसती माती सांडली. त्या रात्री झोप लागली नाही. ठरवलं, आपल्या ठेवी इथेच जाऊ देत.

कोऱ्या कागदावर तसं लिहिलं, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. भाचा वकिली शिकतोय, तो कागद बघून हसला. "मावशी, हे घाटापलीकडे महाराष्ट्रात चालेल, गोव्यात नाही." का बरं? पैसे मी कमावले, खात्यावर नाव माझं.

कचेरीतला_म्हातारा

बाई, उभा जन्म सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत गेला, म्हणून सांगतो. भाचा बरोबर आहे.

आपल्याकडे लग्न झालं की नवराबायकोची मालमत्ता एक होते. लग्नाआधी वेगळा करार केला असेल तरच नाही. खात्यावर नाव तुमचं असलं तरी त्या ३० लाखांत निम्मे साहेबांचे, आणि त्यांना वडिलांकडून काही आलं असेल तर त्यात निम्मं तुमचं. हा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा. त्यातल्या वारसाहक्काच्या भागाच्या जागी आता गोव्याचा २०१२ चा उत्तराधिकार कायदा आहे, २०१६ च्या डिसेंबरपासून लागू.

तुमच्या निम्म्यातलंही निम्मं मुलांचं राखीव. जुनी माणसं त्याला 'लेजीतिमा' म्हणायची. उरलेलं तेवढं तुमच्या मर्जीचं. समजा घर, कुळागर, दोघांच्या ठेवी सगळं मिळून १ कोटी २० लाख. तुमचे ६०. मुलांचे राखीव ३०. वाचनालयाला द्यायला उरले ३०. म्हणजे तुमचा आकडा अगदी काठावर बसतो. मधल्या काळात आजारपणात पैसे गेले तर तो काठाबाहेर जाईल, आणि मुलांनी हरकत घेतली तर जास्तीचा भाग कापला जाईल. थोडा कमी लिहा.

कोरा कागद फाडून टाका. तालुक्याच्या सब-रजिस्ट्रारकडे जा, तोच विशेष नोटरी. तुम्ही सांगायचं, तो वहीत उतरवणार, दोन साक्षीदारांसमोर वाचून दाखवणार. साक्षीदार वाचनालयाच्या समितीतले नकोत. आणि कुळागर लिहायच्या भानगडीत पडू नका. ते दोघांचं, एकटीने परस्पर देता येत नाही.

म्हापशेकर

एवढी यातायात कशाला? ठेवीवर नॉमिनी म्हणून वाचनालयाचं नाव घाला, काम झालं.

कचेरीतला_म्हातारा

नाही हो बाब. बँक ठेवीला नॉमिनी व्यक्तीच लागते, संस्था चालत नाही. शिवाय नॉमिनी मालक नसतोच. पैसे हातात घेऊन वारसांना देणारा तो नुसता हमाल.

आत्याचा_पुतण्या

बाईंना एकच सांगतो: नाव नीट लिहा. माझ्या आत्याने १ लाख ठेवले, कागदावर लिहिलं 'गावच्या वाचनालयास'. गावात एक शाळेचं, एक पंचायतीचं, एक मंडळाचं. तिघेही आले! आत्या जाऊन सहा वर्षं झाली, पैसे अजून बँकेतच. दोन समित्यांचे अध्यक्ष एकमेकांच्या घरच्या गणपतीला जात नाहीत. आणि खरी गंमत म्हणजे आत्या ज्या वाचनालयात जायची, ते नोंदणीकृतच नव्हतं.

तेव्हा नोंदणीच्या दाखल्यावरचं नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, सगळं उतरवा. ती संस्था उद्या बंद पडली तर पैसे कुणाला, तेही त्याच कागदात. आणि 'पुस्तकांसाठी' एवढंच लिहू नका, तुमचं दुखणं तर कपाटं आणि छप्पर आहे.

हिशेबनीस

थोडं हयातीतच का देत नाही? संस्थेला देणगीवरच्या आयकर सवलतीची (८०जी म्हणतात ती) मान्यता असेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर वजावट मिळते. मृत्युपत्रातून गेलेल्या पैशाला ती नाही. वारसा कर मात्र नाही, इस्टेट ड्युटी १९८५ लाच गेली. आता दिलंत तर समिती पैसा कसा वापरते तेही बघता येईल. साहेबांना विचारूनच द्या, पैसे दोघांचे आहेत.

जाता जाता, देहदानाचा विचार असेल तर तो मृत्युपत्रात लिहून ठेवू नका. वही उघडेपर्यंत दिवसकार्य उरकलेलं असतं. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) आधी फॉर्म भरा आणि घरच्यांना सांगा.

फोंड्याची_बाई

सगळ्यांचे आभार. काल जेवताना ह्यांना सांगितलं. आधी गप्प बसले. मग म्हणाले, "माझे निम्मे मला न विचारता वाटायला निघाली होतीस की!" जरा वेळाने स्वतःच म्हणाले, "कपाटं लोखंडी घ्या म्हणावं."

तर कपाटांना २ लाख आत्ताच देतोय, दोघांच्या सहीने. मृत्युपत्रात २० लिहीन. मुलीला फोन केला, ती म्हणाली ठीक. मुलाला रविवारी सांगणार.

वाचनालयाच्या चिटणिसांकडे नोंदणीचा दाखला मागितला. म्हणाले, शोधतो, बहुतेक मागच्या कपाटात होता.