शब्दचर्चा: दोन मजकुरांत ‘समानता’ की ‘साम्य’? आणि फोल्डला मराठीत काय म्हणावं?

दर्यापूरकर
शेतकऱ्यांच्या तक्रार-अर्जांतून जवळपास एकच मजकूर असलेले अर्ज शोधणारा छोटा प्रोग्राम हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत आहे. तालुक्यातल्या संगणक शिकणाऱ्या मुलांसाठी त्याची मराठी पुस्तिका लिहायची आहे. अडलेले शब्द: सिमिलॅरिटी, डिस्टन्स, मॅप, फिल्टर, फोल्ड, शिंगल, प्युअर फंक्शन. सध्या लिहिलेत: समानता, अंतर, नकाशा, गाळणे, घडी, फळी, शुद्ध फलन. यातले किती टिकतील?

वणीकर
‘समानता’ आधी काढा. संविधानाच्या उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ आहे; ती असते किंवा नसते. ‘०.४ समानता’ कानाला पटत नाही. साम्य मात्र थोडं, बरंच, नावापुरतं असू शकतं, म्हणून मोजायला तोच शब्द.

‘सादृश्य’ दिसण्याकडे झुकतो. न्यायसूत्रांत उपमानाची व्याख्या करताना ‘साधर्म्य’ आलाय, म्हणजे सामाईक गुण. अर्थाने तो आपल्या कामाच्या सगळ्यात जवळचा, कारण प्रोग्राम मजकुराचं रूपही पाहत नाही आणि अर्थही, दोघांत सामाईक काय ते मोजतो. पण दहावीच्या पोराला तो जड जाईल. मापाचं नाव साम्य ठेवा आणि समजावताना सारखेपणा म्हणा.

आपल्या वऱ्हाडीतला ‘वानी’ (पोरगं बापावानी दिसते) इथे घेता येत नाही. तो नामाला चिकटतो, त्याचं स्वतःचं नाम होत नाही.

मोर्शीकर
वणीकरांनी ‘सामाईक’ म्हटलं, तो धरून ठेवा. सातबाऱ्यावर सामाईक विहीर सगळ्यांना माहीत आहे. पॉल जॅकार हा स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ. आल्प्स आणि जुराच्या डोंगरांत वेगवेगळ्या जागी उगवणाऱ्या वनस्पतींची तुलना करताना १९०१ च्या सुमारास त्याने जे माप काढलं, त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थही ‘सामाईकपणाचा गुणांक’ असाच होतो. झाडांच्या यादीच्या जागी शब्दांची यादी ठेवली की झालं.

अर्ज १: पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी आली (४ शब्द)
अर्ज २: पऱ्हाटीवर बोंडअळी पडली (३ शब्द)

सामाईक २. दोन्ही मिळून वेगळे शब्द ५. जॅकार साम्य २ भागिले ५, म्हणजे ०.४. मुलं खाली ४ अधिक ३ करून ७ लिहितात आणि ०.२९ काढतात. सामाईक शब्द खाली एकदाच धरायचा. सातच ठेवायचे असतील तर वर सामाईकची दुप्पट घ्या, ४ भागिले ७, ०.५७. ते डाइसचं माप, वेगळं. तिसरं माप कोसाइन, त्यात सामाईकला दोन्ही अर्जांच्या शब्दसंख्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागतात: २ भागिले १२ चं वर्गमूळ, साधारण ०.५८. एकाच जोडीची तीन मापं तीन आकडे देतात, म्हणून ‘साम्य ०.५८’ असं उघडं कधी लिहू नये. कोणतं साम्य ते सोबत हवं.

पुसदकर
‘अंतर’ जपून वापरा. पुसदहून यवतमाळला थेट जाणं दिग्रसवरून जाण्यापेक्षा लांब पडत नसेल, तरच ते अंतर. एकातून जॅकार साम्य वजा केलं की उरतं ते ही अट पाळतं. एकातून कोसाइन वजा केल्यावर उरतं ते पाळत नाही, ज्या कोनाचं ते कोसाइन, तो कोन घेतला तर पाळतो. म्हणून जॅकारला ‘अंतर’ चालेल, कोसाइनच्या उरलेल्या भागाला ‘वेगळेपणा’ म्हणा. लेव्हेनश्टाइनचं (१९६५) मात्र खरं अंतर आहे: एका शब्दाचा दुसरा करायला किती खोडाखोड लागते. ‘खोडाखोड-अंतर’ मला आवडेल.

अचलपूरकर
नकाशा हा मॅपचा चुकीचा अर्थ इथे येऊन बसलाय. मॅप म्हणजे एकच काम यादीतल्या प्रत्येकाला लावणं. ‘लावणे’ पुरेसा आहे: शब्द-मोजणी प्रत्येक अर्जाला लावा.

फिल्टरला गाळणे नको, गाळतो ते पातळ. आपल्याकडे धान्यासाठी तीन क्रियापदं आहेत. पाखडणं सुपाने, हलकं उडून जातं. निसणं हाताने, एकेक पाहून. चाळणीचं भोक मात्र प्रत्येक दाण्याला सारखं आणि एका दाण्याचा निकाल दुसऱ्यावर अवलंबून नाही. फिल्टर हेच करतो, म्हणून ‘चाळणे’. आणि, पण, आहे असे भरतीचे शब्द चाळून टाकायचे. चाळणीत ‘अन’, ‘हाय’, ‘लय’ हेही घाला, नाहीतर प्रमाण मराठीची यादी वऱ्हाडी अर्जातले भरतीचे शब्द तसेच सोडते आणि दोन वऱ्हाडी अर्ज विनाकारण जवळचे ठरतात.

फोल्डला घडी म्हटलं की कापड डोळ्यासमोर येतं आणि काम कळत नाही. ‘गोळाबेरीज’ जवळ जातो, पण फोल्डमध्ये बेरीजच असते असं नाही. माझा शब्द ‘वळणे’, अंबाडीचा दोर वळतात तसा. हातात आधी वळलेला दोर, त्याला नवा वाख जोडायचा, पीळ द्यायचा, की तो लांबलेला दोर पुढच्या वाखासाठी हातात. शब्दसंख्या अशीच वळत जाते.

आणि जिच्यात ही संख्या राहते ती शब्दागणिक वही, तिलाही हॅस्केल मॅपच म्हणतं. तिला ‘खतावणी’ म्हणा. रोजकीर्दीतली नोंद ज्याच्या-त्याच्या खात्यावर टाकतात, अगदी तेच काम आहे.

मोर्शीकर
अचलपूरकर ताई, दोर छान बसतो, आणि हॅस्केलची नेहमीची चूकही त्यातून सांगता येते. साधा फोल्डएल (यादी डावीकडून वळत जाणारा फोल्ड) पीळ देत नाही, वाख बाजूला रचत जातो आणि शेवटी सगळा एकदम वळायला बसतो. अर्ज हजारोंनी असले की मेमरी फुगते. फोल्डएल-प्राइम प्रत्येक वाखाला तिथेच पीळ देतो. पण तो वरवरचाच: साधी खतावणी वापरली तर आतल्या खात्यांवर ‘अधिक १, अधिक १’ अशा उधाऱ्या साचतातच. डेटा-मॅप-स्ट्रिक्ट या लायब्ररीतली खतावणी घ्यावी लागते, ती बेरीज लगेच करून टाकते.

भिवापूरकर
शब्द ठरवा, पण त्याआधी अक्षरांकडे पाहा. वरच्या उदाहरणातला ‘पऱ्हाटी’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात प, ऱ, हलन्त, ह, काना, ट, वेलांटी: सात चिन्हं. दुसऱ्यात ऱ च्या जागी साधा र आणि हलन्तानंतर न दिसणारा जोडक: आठ. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण खोडाखोड-अंतर २ येतं. दोन अर्ज असे वेगळे टाइप झाले असतील तर सामाईक फक्त ‘बोंडअळी’ उरतो. जॅकार ०.४ वरून १ भागिले ६, ०.१७ वर घसरतो.

युनिकोडचं एनएफसी (वेगवेगळ्या तऱ्हांनी टाइप झालेलं अक्षर एकाच रूपात आणायची ठरलेली रीत) इथे अर्धंच कामाला येतं. र आणि नुक्ता वेगळे असतील तर ते जोडून ऱ करतं, जोडकाला हात लावत नाही. आणि जोडक सरसकट पुसू नका. पुसला की रफार होतो आणि ‘आचाऱ्यांना’ चं ‘आचार्यांना’ होतं, स्वयंपाकी गुरुजी बनतो. दऱ्या आणि दर्या यांचंही तेच. र-हलन्त-जोडक ही तिन्ही चिन्हं एकत्र शोधून त्यांच्या जागी ऱ-हलन्त ठेवायचे. हे काम तुकडे पाडण्याआधी आणि चाळण्याआधी. हॅस्केलमध्ये टिंबाने जोडलेली कामं उजवीकडून डावीकडे चालतात, म्हणून ते ओळीत सगळ्यात उजवीकडे येईल. मुलं हमखास उलटं लावतात.

वणीकर
शिंगल राहिला. तिकडे छपरावर एकावर एक चढलेल्या लाकडी फळ्या, त्यावरून १९९७ मध्ये ब्रोडर आणि सहकाऱ्यांनी वेबपानांसाठी ते नाव वापरलं. आपल्याकडे त्याच जागी ‘कवेलू’ आहे. प्रत्येक कवेलू मागच्यावर थोडं चढलेलं असतं, तसा प्रत्येक तुकडा मागच्या तुकड्यातली अक्षरं घेऊन पुढे सरकतो. फळीने हे चढणं कळत नाही.

मराठीला कवेलू लागतातच, कारण शब्द विभक्तीने बदलतो. ‘पऱ्हाटीवर’ आणि ‘पऱ्हाटीले’ शब्द म्हणून साम्य शून्य. दोन-दोन अक्षरांची कवेलू पाडा:
प-ऱ्हा, ऱ्हा-टी, टी-व, व-र
प-ऱ्हा, ऱ्हा-टी, टी-ले
सामाईक २, एकूण ५, साम्य ०.४. अक्षर म्हणजे इथे जोडाक्षर मात्रेसकट. युनिकोड १५.१ (२०२३) च्या आधीच्या नियमांवरची लायब्ररी ‘ऱ्हा’ चे ‘ऱ्’ आणि ‘हा’ असे दोन करते. आकडे जुळले नाहीत तर आधी तिथे पाहा.

दर्यापूरकर
साम्य, लावणे, चाळणे, वळणे, खतावणी, कवेलू घेतले. ‘शुद्ध फलन’ चं काय? शिवाय रिकामा अर्ज आला की कोसाइनमध्ये शून्याने भागाकार होतो.

पुसदकर
रिकाम्या अर्जाला भागाकाराआधीच अडवा आणि ‘मोजता येत नाही’ असं वेगळं उत्तर द्या, हॅस्केलमध्ये मेबी (‘उत्तर आहे’ किंवा ‘काहीच नाही’ असा प्रकार) त्यासाठीच आहे. शून्य देऊ नका. शून्य साम्य म्हणजे मोजलं आणि सामाईक काही निघालं नाही.

दर्यापूरकर भाऊ, ‘शुद्ध’ ला विटाळाचा वास येतो, मी ‘निखळ’ म्हणेन. निखळ काम कापसाच्या खऱ्या काट्यासारखं: तेच गाठोडं कधीही ठेवा, तेच वजन. तुमच्या प्रोग्राममध्ये हे एका ठिकाणी मोडण्याची भीती आहे. करेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेला विरळतेचा भार (एकूण अर्ज भागिले तो शब्द असलेले अर्ज, त्याचा दहाच्या पायाचा लॉग; शब्द जितका विरळ तितका भार जास्त) वापरत असाल तर तो सगळ्या अर्जांवर अवलंबून असतो. २०० अर्जांपैकी सगळ्यांत ‘शेतकरी’ असेल तर त्याचा भार लॉग १, म्हणजे ०. ‘चुरडामुरडा’ दोघांतच असेल तर लॉग १००, म्हणजे २. उद्या आणखी पन्नास अर्ज आले की भार बदलतात, आणि कालच्याच दोन अर्जांचं साम्य आज वेगळं निघतं. साम्य काढणाऱ्या कामाने ही विरळतेची खतावणी आतून फाइल उघडून वाचली तर काटा मारल्यासारखंच झालं. खतावणी आणि दोन अर्ज, तिन्ही बाहेरून हातात द्या. मग त्याच तिघांना तोच आकडा येईल, आणि कोणत्या तारखेची खतावणी ते निकालाशेजारी लिहिता येईल.