मुलांचे टोळ्यांकडून होणारे लैंगिक शोषण: ब्रिटनच्या चौकशांतून आपण काय घ्यावे?

प्रश्न (शाळा समितीतील एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर)
शाळेसाठी बालसुरक्षेवर टिपण लिहिताना ब्रिटनची प्रकरणे वाचनात आली. इंग्लंडमधील एकट्या रॉदरहॅम शहरात १९९७ ते २०१३ या काळात किमान १,४०० मुलांचे शोषण झाल्याचा अंदाज तिथल्या चौकशीच्या प्रमुख अ‍ॅलेक्सिस जे यांनी २०१४ च्या अहवालात मांडला. त्यानंतर बाल लैंगिक शोषणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने २०२२ मध्ये अंतिम अहवाल दिला, तरीही जून २०२५ मध्ये लुईस केसी यांनी सरकारसाठी केलेल्या परीक्षणानंतर सरकारला पुन्हा राष्ट्रीय चौकशी जाहीर करावी लागली. एवढे अहवाल होऊनही सरकारला प्रश्नाचा आवाका का कळत नाही? आपल्याकडे अशी टोळी असलीच, तर ती कोणाच्या लक्षात येईल?

उत्तर १ (वकील, कसबा बावडा)
नोंदच नीट नसेल तर आवाका कळणार कसा? केसी यांना सुमारे दोन-तृतीयांश आरोपींच्या वंशाची नोंदच आढळली नाही. तीन पोलीस दलांच्या स्थानिक आकडेवारीत आशियाई वंशाच्या पुरुषांचे प्रमाण जास्त दिसत असूनही वर्णद्वेषाचा ठपका येईल या भीतीने अनेक यंत्रणांनी विषय टाळला, आणि अपुऱ्या माहितीवर उलटसुलट दावे मात्र होत राहिले. त्याहून मला अस्वस्थ करते ते हे, की तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलींची ‘संमती’ होती असे मानून काही प्रकरणांत आरोप सौम्य केले गेले किंवा सोडून दिले गेले.

आपला पोक्सो कायदा (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा, २०१२) या बाबतीत स्पष्ट आहे: अठरा वर्षांखालील मुलाची संमती ग्राह्य नाही, सामूहिक अत्याचार हा कलम ५ नुसार गंभीर गुन्हा आहे आणि माहिती असूनही ती न कळवणे कलम २१ नुसार शिक्षापात्र आहे. प्रत्यक्षात मात्र अजमेरच्या १९९२ च्या प्रकरणात छायाचित्रांच्या धाकाने मुलींचे शोषण झाले आणि शेवटच्या सहा आरोपींना जन्मठेप झाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये.

उत्तर २ (निवृत्त मुख्याध्यापिका)
वकीलसाहेबांचे म्हणणे मान्य आहे, परंतु कलमांपाशी पोहोचण्याआधीच बरेच काही बिनसते. मुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत सखी सावित्री समिती स्थापन करण्याचा शासन निर्णय मार्च २०२२ चा आहे. मी पाहिलेल्या एका शाळेत समितीची तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दालनासमोर, शिपायाच्या खुर्चीशेजारी टांगलेली होती. तिच्यात चिठ्ठी टाकणारी मुलगी कोण, हे दुपारच्या सुट्टीपर्यंत साऱ्या शाळेला कळले असते. शाळेचे नाव खराब होईल या धास्तीने गोष्ट दाबणारे संस्थाचालक तर मी कितीतरी पाहिले.

उत्तर ३ (बालसंरक्षण क्षेत्रातील कार्यकर्ती)
टोळी एका तक्रारीतून सहसा दिसत नाही. दोन वेगवेगळ्या ठाण्यांतील जबाबांत तीच गाडी, तोच लॉज किंवा तोच मोबाइल क्रमांक आला, तर ते जुळवून पाहणारा कोणीतरी लागतो. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचे असते, त्यामुळे निरनिराळ्या ठाण्यांतील प्रकरणे तिथे एकत्र येतात. जुळणी तिथे होऊ शकते. संशय आल्यास १०९८ या बालमदत क्रमांकावर किंवा पोलिसांना थेट कळवावे, शाळेने आधी स्वतःची ‘चौकशी’ करत बसू नये, हे टिपणात ठळक लिहा. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, साध्या वेशातील पोलिसांनी, शक्यतो महिला उपनिरीक्षकांनी घ्यायचा असतो, हे पालकांनाही सांगा.