लाखेच्या तबकड्या आणि आजची गाणी

प्रश्न : सोलापुरात बाळीवेशीतल्या आमच्या घरी आजोबांनी जमवलेल्या भावगीतांच्या 78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्या आहेत. नव्या प्लेअरवर त्या लावल्या की गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. तबकड्या कायमच्या खराब झाल्या असतील का? शिवाय या गाण्यांत कडवी इतकी थोडी का असतात?

उत्तर : आधी सुई तपासावी. 78 च्या तबकडीची खाच एलपीच्या, म्हणजे नंतर आलेल्या लाँग-प्ले तबकडीच्या, खाचेपेक्षा बरीच रुंद असल्यामुळे एलपीची बारीक सुई तळाशी टेकते आणि तिथली धूळच वाजवते. पुसताना स्पिरिट मात्र वापरू नये, त्यात लाख विरघळते. कडव्यांचे म्हणाल, तर दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम 3 मिनिटे मावत, त्यामुळे आलापांची चैन परवडत नसे. माझ्या मते त्या गाण्यांचा नेटकेपणा याच अडचणीतून आला.

उत्तर : नेटकेपणा मान्य, पण भव्यतेचे काय? आपल्याच करमाळ्याकडे चित्रित झालेल्या ‘सैराट’साठी (2016) अजय-अतुल यांनी थेट अमेरिकेत सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला.

उत्तर : केला खरा, पण वरातीतल्या डॉल्बीवर त्यातली व्हायोलिने कोणाला ऐकू येतात? ती ऐकायची तर घरी, चांगल्या हेडफोनवरच ऐकावीत.